'व्हेरी' कुठे बसतो?

मुलांनो, गेल्या वर्षीची गोष्ट. चौथीच्या वर्गाला मी 'माझी आजी' या विषयावर इंग्रजीत पाच वाक्यं लिहायला सांगितली होती. एक मुलगी उभी राहून वाचू लागली, "आय व्हेरी लाइक माय ग्रँडमदर." मागच्या बाकावरची दोघं फिस्सकन हसली. तिचा चेहरा एवढासा झाला. उरलेली चार वाक्यं तिने वाचलीच नाहीत.

आता सांगा पाहू, तिचं चुकलं कुठे? तिने मनातलं मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं. आपला 'खूप' हा शब्द मोठा मनमिळाऊ. 'आंबा खूप गोड आहे', 'मला आंबा खूप आवडतो', 'बाजारात खूप माणसं होती', सगळीकडे चालतो! इंग्रजीत मात्र ही कामं वाटून दिलेली आहेत.

गुण सांगणाऱ्या शब्दाला जोर द्यायचा, तर त्याच्या आधी 'व्हेरी' येतो : व्हेरी स्वीट, व्हेरी टॉल. क्रिया कशी घडते हे सांगतानाही तो चालतो : व्हेरी स्लोली. पण क्रियापदाच्या आधी तो एकटा बसत नाही. तिथे तो 'मच'चा हात धरून वाक्याच्या शेवटी जातो : आय लाइक मँगोज व्हेरी मच. आणि माणसं खूप असली, की 'मेनी पीपल'. 'व्हेरी बेटर' असंही म्हणत नाहीत बरं का! तुलना आली, की 'मच बेटर'.

एक गंमत सांगू? 'व्हेरी' हा शब्द मध्ययुगात फ्रेंचमधून इंग्रजीत आला. तेव्हा त्याचा अर्थ होता 'खरा'! कागदपत्रं खरी आहेत का, हे तपासण्याला 'व्हेरिफाय' म्हणतात ना? तो याचाच भाऊबंद. दोघांचं मूळ एकच, 'खरा' या अर्थाचा लॅटिन शब्द. आपणही 'खरंच छान' म्हणतो, तेव्हा 'खरं' शब्दानेच जोर देतो की!

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडलं. मग त्या हसणाऱ्या दोघांनाच विचारलं, "'मला क्रिकेट खूप आवडतं', सांगा इंग्रजीत." दोघंही अडखळले! तेवढ्यात त्या मुलीचा हात वर झाला, "आय लाइक क्रिकेट व्हेरी मच." आणि पाठोपाठ तिने आजीवरची पाचही वाक्यं वाचून दाखवली.

तेव्हा दोस्तांनो, चुकलात तरी बोला. आणि कुणी चुकलं तर हसू नका, सांगा!