महानगरीय कथा-कादंबरी आणि शालेय ग्रंथालय : निवडीचा निकष

मराठीतील महानगरीय साहित्याची चर्चा प्रामुख्याने वास्तववाद आणि आधुनिकता यांच्या संदर्भात झाली. या साहित्याचा कुमार वाचक मात्र त्या चर्चेच्या परिघाबाहेरच राहिला. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ४५ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या नागरी आहे. तरीही शालेय ग्रंथालयात ‘श्यामची आई’ (१९३५) किंवा ‘बनगरवाडी’ (१९५५) यांना जे सहज स्थान मिळते, ते झोपडपट्टी किंवा नाका चित्रित करणाऱ्या कृतींना देताना संकोच होतो.

या संकोचामागे शिवराळ भाषा आणि हिंसा-लैंगिकतेचे चित्रण हे दोन आक्षेप असतात. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’वर (१९६५) आचार्य अत्रे यांनी कठोर टीका केली, तर दुर्गा भागवत यांनी त्या कृतीची पाठराखण केली. तो वाद प्रौढ वाचकाला गृहीत धरणारा होता. कुमारांसाठी ग्रंथनिवड करताना केवळ श्लील-अश्लीलतेचा निकष अपुरा पडतो. कथनाचा दृष्टिकोणही तपासावा लागतो.

‘वासूनाका’चे निवेदन नाक्यावरच्या तरुणांच्या बोलीत होते आणि लेखक नैतिक निवाडा देत नाही. तो वाचकाने करावयाचा असतो. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या शीर्षककथेतही हिंसा आहे. परंतु जात लपवावी लागलेला निवेदक आपल्या अवमानाचा अर्थ स्वतःच शोधतो. म्हणून ही कथा नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला पेलू शकते. ‘वासूनाका’ कनिष्ठ महाविद्यालयात, अध्यापकाच्या मार्गदर्शनाने वाचला जाणे अधिक उचित ठरते. कथासंग्रहातील प्रत्येक कथेचा असा स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

पाठ्यपुस्तक सक्तीचे असते, तर ग्रंथालयातील वाचन ऐच्छिक असते. त्यामुळे पाठ्यपुस्तकात न सामावणारे अनुभव ग्रंथालयात येऊ शकतात. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे मानक घालून दिले आहे. त्या गोष्टी कोणाच्या, हा प्रश्न मात्र निवड करणाऱ्या शिक्षकाच्या विवेकावर सोपविलेला आहे.

वस्तीतून येणाऱ्या मुलाची बोली वर्गात बहुधा ‘अशुद्ध’ ठरते. तीच बोली छापील पानावर भेटली, तर साहित्य हे आपल्याही जगण्याविषयी असते, याचा त्याला प्रत्यय येतो. वस्तीबाहेरच्या मुलाला त्याच पानावर आपला शेजारी भेटतो. सरसकट वगळणुकीने या दोन्ही शक्यता संपुष्टात येतात.