रेनकोटचे ५० नग आणि माझी उडालेली झोप

धंद्यात माल अडकला की डोकंही त्याच्यासोबत अडकतं. कसं, ते माझ्याच दुकानातल्या एका हिशेबावरून सांगते.

दुकानाच्या दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मी १२० रेनकोट उचलले. पाऊस सुरू झाला की होलसेलचा भाव चढतो, म्हणून आधीच घेतले. खरेदी ३१० रुपये नग, एकूण ३७,२०० रुपये. ४२० ने ७० नग गेले आणि जुलैमध्ये पावसाने दडी मारली. उरलेले ५० माळ्यावर.

सप्टेंबरमध्ये आठवडी बाजारात बसणारे एक काका आले. "ताई, २०० ने द्या, सगळे उचलतो." आई म्हणाली, "देऊन मोकळी हो." मी नाही म्हटलं. ३१० चा माल २०० ला कसा सोडायचा?

मग रोज रात्री तेच. १२० कशाला घेतले? ८० घेतले असते तर? काकांना २५० सांगायला हवे होते का? दिवाळीचा माल भरायला हातात पैसे नव्हते आणि माळ्यावर पैसेच पडून होते.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत घड्यांवर प्लास्टिक चिकटलं. शेवटी ८० रुपयांनी काढले. आणि दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून नवे रेनकोट फक्त २५ मागवले. त्या वर्षी पाऊस चांगला लागला, आठवड्यात माल संपला. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं.

आता हिशेब बघा. ७० नगांचे २९,४०० आले होते. काकांचे १०,००० घेतले असते तर ३९,४०० झाले असते, म्हणजे खरेदीपेक्षा २,२०० वरच. मी मिळवले ३३,४००. खरेदीच ३,८०० ने अंगावर आली. आधीच्या खरेदीत चूक नव्हती. मे महिन्यात जे माहीत होतं, त्यावरून ती ठीकच होती. नुकसान झालं ते नंतरच्या हळहळीमुळे.

याला सन्क कॉस्ट म्हणतात. बीबीएला मी परीक्षेत व्यवस्थित लिहिलं होतं, दुकानात मात्र आठवलं नाही! १९८५ मध्ये आर्क्स आणि ब्लूमर या अमेरिकन संशोधकांनी नाटकांच्या सीझन तिकिटांवर प्रयोग केला. काहींना पूर्ण किमतीत तिकिटं दिली, काहींना सवलतीत. सीझनच्या पहिल्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच, फक्त खिशातून जास्त गेले होते. गेलेला पैसा आपल्याला असा ओढत राहतो.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळते.

एक, माल घेतानाच वहीत एक ओळ लिहायची: का घेतला आणि किती तारखेला किती भावाने सोडायचा. "१५ सप्टेंबरला उरले तर २०० ने." ती तारीख आली की नवा विचार नाही.

दोन, अडकलेल्या मालाकडे बघून एकच प्रश्न विचारायचा: हा माल आज माझ्याकडे नसता, तर या भावाने मी विकत घेतला असता का? उत्तर नाही असेल तर विकून टाकायचा.

तीन, निर्णय परत फिरवता येतो का ते बघायचं. बरणी कुठे ठेवायची, बिस्किटाचा कुठला ब्रँड ठेवून बघायचा, हे संध्याकाळपर्यंत ठरवा. चुकलं तर उद्या बदला. गाळ्याचं डिपॉझिट, कर्ज, भागीदारी यांना मात्र वेळ द्या, चार जणांना विचारा. आपण बरेचदा उलटं करतो. बरणीवर आठवडा घालवतो आणि भागीदारी चहा पिता पिता ठरवतो.

हळहळ पूर्ण जात नाही, मलाही होते. पण ती आता वहीत एका ओळीत मावते: पुढच्या वेळी काय बदलायचं. ती ओळ लिहिली की वही बंद.

आज दुकान वाढवण्याआधी एकदा माळ्यावर चढा. काय पडून आहे ते बघा. त्यावर आजचा भाव लिहा, खरेदीचा नाही.