‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ हा प्रश्न सिद्दींना का बोचतो

हल्याळ, यल्लापूर, खानापूर भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सिद्दी माणसाला बसमध्ये, बाजारात आजही विचारलं जातं, ‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ उत्तर कोकणीत किंवा कन्नडमध्ये आलं की विचारणारा चकित होतो. त्याच्या मनात वाईट नसेलही. पण काळा रंग, कुरळे केस म्हणजे परका, हे त्यानं आधीच धरलेलं असतं. आपल्याच गावात उपरं ठरवलं जाणं काय असतं, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतले. अनेकांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं. त्यातले कित्येक पळून घाटावरच्या जंगलात आले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरही इथिओपियातून गुलाम म्हणूनच आला होता. शाळेत त्याचा गनिमी कावा शिकवतात, पण त्या धड्याची शेजारच्या वाडीशी सांगड कोणी घालत नाही. ‘हबशी’ हा शब्दही मूळचा ॲबिसिनियाचा रहिवासी एवढ्याच अर्थाचा. त्याची शिवी आपण केली.

उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 मध्ये मिळाला. बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना 2020 उजाडावं लागलं. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर गेले.

साथ द्यायची तर एवढं वाचलेलं असावं. पण खरी परीक्षा घरातच. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ कोण लिहितं? वर्गात पोरं सिद्दी मुलाचे केस ओढून हसतात, तेव्हा त्यांना तिथल्या तिथे कोण थांबवतं?