माशाचा आकार आणि एस.टी.चा आकार : हवा कुणाला जास्त अडवते?



'अनुकूलन' शिकवताना आपण सगळेच एक वाक्य सांगतो : मासे आणि पक्षी यांचं शरीर दोन्ही टोकांना निमुळतं असतं, त्यामुळे पाण्याचा किंवा हवेचा विरोध कमी होतो. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क मिळतो. पण एखाद्या चौकस मुलीने विचारलं, "सर, मग एस.टी. चौकोनी का? ती बनवणाऱ्यांना हे माहीत नाही का?" तर काय सांगाल? "तिथे माणसं बसतात" एवढं उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे.

हवा अडवते म्हणजे नेमकं काय होतं?

हवा आणि पाणी दोन्ही द्रायू आहेत. वस्तू पुढे सरकताना द्रायूला बाजूला व्हावं लागतं आणि वस्तू गेल्यावर पुन्हा एकत्र यावं लागतं. पुढच्या बाजूला दाब वाढतो, हे मुलांना पटकन कळतं. खरी गंमत मागे असते. सपाट पाठीमागे हवेला वळून एकत्र येता येत नाही. तिथे भोवरे तयार होतात, दाब कमी होतो आणि गाडी जणू मागे खेचली जाते.

पुरावा हवा असेल तर कच्च्या रस्त्याने आलेल्या एस.टी.ची मागची काच बघा. पुढच्या काचेपेक्षा तिथे धूळ जास्त बसलेली दिसते, कारण भोवरे धूळ मागच्या बाजूला ओढून आणतात. वेगाने पोहणाऱ्या माशाच्या शरीराचा जाड भाग पुढच्या बाजूला असतो आणि शेपटीकडे ते हळूहळू बारीक होत जातं. म्हणजे केवळ पुढचं टोक नाही, तर मागचा उतारही महत्त्वाचा.

थोडं गणित

आकार किती अडवतो हे 'रोध गुणांक' या संख्येने सांगतात. संख्या जितकी लहान तितका आकार चांगला.

- सपाट बाजू वाऱ्याकडे असलेला घन : सुमारे 1.05
- चेंडू : सुमारे 0.47
- माशासारखा लांबट, निमुळता आकार : सुमारे 0.04

समजा, एका बसचा समोरचा भाग 2.5 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच आहे आणि तिचा रोध गुणांक 0.7 आहे. ताशी 80 किमी वेगाने जाताना हवा तिला सुमारे 1550 न्यूटन बलाने अडवते. म्हणजे जवळपास 158 किलो वजनाइतकं बल! ताशी 40 किमी वेगाला मात्र ते 390 न्यूटनच्या आसपास येतं. वेग निम्मा झाला की रोध एक चतुर्थांश होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खोक्याने भुंग्याला हरवलं!

फोक्सवॅगन कंपनीची 'बीटल' नावाची गोलसर गाडी आपल्याला ठाऊक आहे. बीटल म्हणजे भुंगा. याच कंपनीने 1950 साली एक चौकोनी व्हॅन बाजारात आणली. तिच्या सुरुवातीच्या नमुन्याचा रोध गुणांक 0.75 होता. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथल्या तंत्रविद्यापीठाच्या वातबोगद्यात चाचण्या झाल्या, पुढचा भाग बदलून गोलसर केला आणि हा आकडा 0.44 वर आला. गोलसर बीटलचा होता 0.48! म्हणजे डोळ्याला 'सुळसुळीत' दिसणारा आकार हवेलाही तसाच वाटेल असं नाही. मोजून बघावं लागतं.

खंड्या आणि बुलेट ट्रेन

जपानमध्ये वेगवान गाडी बोगद्यात शिरली की आतली हवा दाबली जायची आणि दुसऱ्या टोकाला मोठा धमाका व्हायचा. अभियंते एजी नाकात्सु हे पक्षिनिरीक्षक होते. खंड्या पक्षी हवेतून पाण्यात जवळजवळ पाणी न उडवता सूर मारतो, हे त्यांना आठवलं. 1997 मध्ये सुरू झालेल्या 500 मालिकेच्या शिंकान्सेनला त्याच्या चोचीसारखं सुमारे 15 मीटर लांब नाक मिळालं. पण त्याची किंमतही मोजावी लागली : टोकाच्या डब्यांतली आसनं कमी झाली.

पेटीसारख्या माशाची गोष्ट

आता उलट उदाहरण. प्रवाळांमध्ये राहणारा बॉक्सफिश हा खरोखरच पेटीसारखा मासा आहे. त्याच्यावरून 2005 मध्ये मर्सिडीज-बेंझने 'बायोनिक' ही प्रायोगिक मोटार दाखवली. तिचा रोध गुणांक 0.19 होता, म्हणजे उत्तमच. सगळीकडे कौतुक झालं, 'निसर्गाने शिकवलं' म्हणून. पण 2015 मध्ये शास्त्रज्ञांनी पाण्याच्या प्रवाहात आणि संगणकावर तपासणी केली, तेव्हा हा मासा रोध कमी करण्यात इतर माशांच्या मानाने मागेच निघाला. शिवाय त्याचा आकार त्याला सरळ ठेवत नाही, उलट डगमगवतो. पण प्रवाळांच्या अरुंद जागेत चटकन वळायला ही डगमगच उपयोगी पडते. आणि कठीण पेटी त्याचं चिलखत आहे.

मग एस.टी. चौकोनी का?

आता उत्तर जुळवता येईल. माशासारखी शेपटी लावायची तर बस कितीतरी मीटर लांब होईल, आणि त्या निमुळत्या जागेत ना आसनं बसतील ना सामान. वर ती वळणार कशी, स्टँडवर उभी कशी राहणार? शिवाय गावोगावी थांबणाऱ्या बसचा वेग कमी असतो, तिथे हवेचा रोधही कमी. तिचं बरंचसं इंधन पुन्हा पुन्हा वेग घेण्यात जातं. महामार्गावर सतत वेगात धावणाऱ्या बसचं गणित मात्र वेगळं, म्हणून तिच्या पुढच्या कडा गोल करणं फायद्याचं ठरतं.

म्हणून मुलांना "निसर्गाचा आकार सर्वात चांगला" एवढंच सांगून थांबू नका. "कोणत्या कामासाठी चांगला?" हा प्रश्न जोडा. बॉक्सफिशही पेटी आणि एस.टी.ही पेटी, पण दोघांची कारणं वेगळी.

वर्गात करून बघा

मोठ्यांच्या देखरेखीखाली मेणबत्ती पेटवा. तिच्यासमोर गोल बाटली ठेवून पलीकडून बाटलीवर जोरात फुंका. ज्योत विझते, कारण हवा बाटलीला वळसा घालून मागे एकत्र येते. आता बाटलीच्या जागी तितकाच रुंद सपाट पुठ्ठा धरा आणि फुंका. ज्योत विझण्याऐवजी पुठ्ठ्याकडेच झुकते. का, ते लगेच सांगू नका. मुलांना एस.टी.च्या मागच्या काचेवरची धूळ आठवते का बघा.

घरी विचारायला दोन प्रश्न :
1. सायकलस्वार शर्यतीत वाकून का बसतात?
2. कासवाचं शरीर निमुळतं नाही, तरी ते टिकून आहे. कसं?