ताडोब्याच्या ११६.५५ चं कोडं

ताडोब्याचं जंगल १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. त्याचं क्षेत्रफळ कुठल्याही माहितीपुस्तकात पाहा, आकडा हाच : ११६.५५ चौरस किलोमीटर. आता सांगा, हद्द आखणाऱ्याला सरळ ११६ का नाही सुचलं? किंवा गोळाबेरीज १२०? तो पॉइंट पंचावन्न आला कुठून? वाघानं पंजा मारून रेघ ओढली होती की काय?

मोजलं असेल आणि निघालं तेवढं लिहिलं असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण या कोड्याची किल्ली निघाली आमच्या मामाच्या खिशातल्या एका घडी घातलेल्या कागदात.

मी तेव्हा सहावीत होते. मामाला नागभीडकडे धानाचं वावर घ्यायचं होतं. मीही गेले सोबत, धुऱ्यावरून चालायला मजा येते म्हणून. विकणारे आजोबा म्हणाले, "दोन एकर आहे जी, पुरेपूर." मामानं सातबारा उघडला. मी डोकावले. क्षेत्राच्या रकान्यात होतं ०.८१.

"मामा, हे तर एकाहूनही कमी आहे! दोन कुठे आहेत?" मी ओरडलेच. आजोबा खो खो हसले. मामा म्हणाला, "दोघंही बरोबर आहेत. ते बोलले एकरात, कागद बोलतो हेक्टरात."

हेक्टर समजायला आधी 'आर' समजून घ्या. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा चौकोन आखला की झाला एक आर, म्हणजे १०० चौरस मीटर. असे १०० आर मिळून एक हेक्टर. सातबाऱ्यावर पहिला आकडा हेक्टरचा, टिंबानंतरचा आरचा. म्हणून ०.८१ म्हणजे ८१ आर. आणि एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर. दोनानं गुणा बरं! ०.८०९४. त्याचंच झालं ०.८१.

ही युक्ती एकदा कळली की सातबारा वाचणं म्हणजे गुप्तहेरगिरीच. ०.४० दिसलं? मागे एक एकर लपलाय. १.२१? तीन एकर. १.६२? चार. २.०२? पाच. जमीन वाटून देणाऱ्या कुणा पणजोबांनी पूर्ण एकरात वाटणी केली होती. पुढे देशात मेट्रिक मापं आली आणि त्या सरळसोट आकड्यांना शेपट्या फुटल्या.

पण एकर तरी असा अडनिडा का? ४०४७ चौरस मीटर हे काय माप झालं? त्याचं उत्तर तुम्ही रोज संध्याकाळी मैदानावर तुडवता. क्रिकेटची खेळपट्टी किती यार्डांची? २२. म्हणजे ६६ फूट. एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १६२० च्या सुमारास जमीन मोजायला नेमकी एवढ्याच लांबीची साखळी काढली, १०० कड्यांची. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब असा पट्टा म्हणजे एक एकर. एका स्टंपपासून दुसऱ्या स्टंपपर्यंत रुंद, आणि अशा दहा खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवाव्या एवढा लांब. करा गुणाकार : ६६ गुणिले ६६० बरोबर ४३,५६० चौरस फूट.

आणि गुंठा? अर्धी साखळी घ्या, ३३ फूट. ३३ बाय ३३ चा चौकोन म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फुटांचा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आर मात्र १०७६ चौरस फुटांचा. दोघं जुळ्या भावांसारखे दिसतात ना? म्हणूनच मोठी माणसं पटकन म्हणून जातात, "आर म्हणजे गुंठाच की!" एका गुंठ्यामागे फरक जेमतेम १३ चौरस फुटांचा, चटईएवढा. पण कुणी ४० आर जमीन 'एक एकर' म्हणून विकली, तर सुमारे ५०० चौरस फूट हवेत जातात. त्यात दोन खोल्यांचं घर बसतं!

आपली गडचिरोली तर मापांच्या चौकातच उभी आहे. कोरचीहून छत्तीसगडात पाहुणे म्हणून गेलात तर तिथे ऐकाल 'डिसमिल', म्हणजे एकराचा शंभरावा भाग, ४३५.६ चौरस फूट. सिरोंच्याहून नदी ओलांडून तेलंगणात गेलात तर तिथे प्लॉटचा भाव गजावर, म्हणजे चौरस यार्डावर. तेच १२१ गज एकत्र केले की पुन्हा आपला गुंठा! भाषा बदलली, नदी ओलांडली, तरी गुंटरसाहेबांची साखळी काही सुटली नाही.

गुंटरची साखळी आपल्याकडे येण्याआधी काय होतं? शिवकाळात काठी होती : पाच हात आणि पाच मुठी लांब. वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चाहूर. हात कुणाचा धरायचा, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर शाबास. लांब हाताच्या माणसानं काठी कापली तर बिघा फुगणार. म्हणून सगळ्यांनी मान्य केलेली एकच काठी लागते. शास्त्रात यालाच प्रमाण माप म्हणतात.

आमची आजी मात्र यातलं काहीच वापरायची नाही. ती म्हणायची, "ती आठ पायलीची बांधी." म्हणजे जिच्यात आठ पायल्या धान पेरायला लागतं ती. मी शहाणपणा करून म्हटलं, "आजी, हे क्षेत्रफळ नाही, हे तर बियाणं!" खरंच आहे. आवत्या टाकला, म्हणजे बी नुसतं फेकून पेरलं, तर जास्त लागतं. पऱ्हे लावून रोवणा केला तर त्याच बांधीला कमी पुरतं. मग बांधी लहान झाली का? नाही. पण आजीला जमीन विकायची नव्हतीच. तिला फक्त कणगीतून किती धान काढायचं ते माहीत हवं होतं, आणि त्यासाठी तिचं माप माझ्या हेक्टरापेक्षा सरस होतं. आजही मी हा वाद आजीच्या बाजूनं निकाली काढते.

आता थोडं भौतिकशास्त्र, तेही आपल्या चंद्रपूरच्या उन्हातलं. मेमध्ये इथला पारा ४५ च्या पुढे जातो. लोखंड तापलं की वाढतं. एक मीटर पोलाद एका अंशानं तापलं तर मिलिमीटरच्या हजार भागांपैकी बारा भागांएवढं लांबतं. हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा ३० अंश जास्त तापलेली अर्धी, म्हणजे ३३ फुटी साखळी साडेतीन मिलिमीटर लांब होते. नुसती टिचभर! पण लांबीतही चूक आणि रुंदीतही चूक, म्हणून एकरामागे सुमारे ३१ चौरस फुटांचा फरक पडतो. अंगणात खाट टाकता येईल एवढा. साखळी लांबली की ती कमी वेळा बसते, म्हणजे जमीन कागदावर लहान दिसते. तेव्हा जमीन विकणाऱ्यानं मोजणी थंडीत करावी आणि घेणाऱ्यानं मेमध्ये! उन्हापेक्षा मोठा चोर म्हणजे झीज. ओढून ओढून कड्या सैल झाल्या आणि साखळी एक इंच वाढली, तर एकरामागे तब्बल २२० चौरस फूट इकडचे तिकडे होतात. हल्ली भूमी अभिलेखचे मोजणीदार उपग्रहांचे संदेश पकडणारं रोव्हर यंत्र घेऊन येतात. ते ना उन्हानं लांबतं, ना ओढून सैल होतं.

आता ताडोब्याकडे वळू. देशात मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ मध्ये. उद्यान झालं त्याच्या एक वर्ष आधी. म्हणजे तेव्हा सरकारी कागदावर किलोमीटर नव्हे, मैल होते. एक चौरस मैल म्हणजे २.५९ चौरस किलोमीटर. ११६.५५ ला २.५९ नं भागा. अगदी इथेच, समासात भागा. आलं ना बरोबर ४५? त्या चमत्कारिक शेपटीमागे पूर्ण ४५ चौरस मैल दडून बसले होते.

पण हेर फार हुशार झाला की त्याला जिथे तिथे चोर दिसतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, १८०९ हेक्टरांहून थोड्या जास्त जंगलावर. हेक्टरांचे चौरस किलोमीटर करायला शंभरानं भागा, मग २.५९ नं. येतात ६.९८ चौरस मैल. जवळजवळ सात! मीही क्षणभर उडी मारली होती. पण २००९ मध्ये मैलात कोण मोजणार? शिवाय त्या जंगलाच्या सीमा नाले, डोंगर आणि शेजारच्या गावांच्या शिवांनी ठरलेल्या, त्यांना सातशी काय देणंघेणं? हा निव्वळ योगायोग.

मामानं ते वावर घेतलं. मोजणी करून, चारही कोपऱ्यांवर दगड रोवूनच पैसे दिले. तुमच्या घरी सातबारा असेल तर तो मागून घ्या, आणि हेक्टरचा आकडा ०.४०४७ नं भागून बघा. पूर्ण एकर निघाले तर पणजोबांचं नाव विचारा.