लाझारो, लांडगा आणि तंबाखूचे मळे

इटलीच्या दिग्दर्शिका आलिचे रोर्वाकर यांच्या ‘लाझारो फेलीचे’, म्हणजे ‘सुखी लाझारो’, या चित्रपटास २०१८ साली कान येथील महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक विभागून मिळाले. शेतावर राबणाऱ्या माणसांची ही कथा असल्याने ती आमच्या वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

इन्व्हियोलाता नावाच्या एकाकी खेड्यात पन्नासएक माणसे एका उमराव बाईच्या जमिनीवर अर्धेलीने तंबाखू पिकवतात. घरात विजेचे दिवे इतके थोडे की, एकाच खोलीतला दिवा काढून दुसरीकडे लावायचा. मुकादम हिशेब मांडतो, आणि दर वेळी कुळांच्याच अंगावर कर्ज निघते. इटलीत अर्धेलीचे नवे करार १९६४ च्या कायद्याने बंद झाले. उरलेल्या करारांचे साध्या खंडात रूपांतर करण्याची तरतूद १९८२ च्या कायद्याने केली. या बिचाऱ्यांना मात्र त्याची वार्ताच नाही, आणि ती त्यांना कळू नये अशी मालकिणीची व्यवस्था आहे.

मालकीण कुळांना पिळते. कुळे कोणाला पिळतात? लाझारोला. हा पोरका तरुण सांगेल ते काम करतो, कोणावर रागावत नाही, कशाबद्दल शंका घेत नाही. बाईसाहेब स्वतःच ही साखळी बोलून दाखवतात, आणि त्यात खोटे काही नाही. गरिबांना देवदूत करून न दाखवण्याचे हे धैर्य आम्हांस फार मोलाचे वाटते.

पुढे लाझारो कड्यावरून कोसळतो. एक लांडगा येऊन त्याला हुंगतो, पण खात नाही. संत फ्रान्सिसचा आणि गुब्बियोच्या लांडग्याचा प्रसंग ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथे वेगळे काही सांगावयास नको. लाझारो उठतो तेव्हा अनेक वर्षे लोटलेली असतात. तो मात्र तसाच तरुण. बेथानीचा लाझार आणि लूकच्या शुभवर्तमानातील दारी पडलेला लाझार, दोघेही या नावात डोकावतात.

पोलिसांनी सोडवलेली ती कुळे त्याला शहरात भेटतात, रेल्वेमार्गालगत एका जुन्या टाकीत राहताना. जुना मुकादमही भेटतो. आता तो परदेशी मजुरांचा उलटा लिलाव करतो: जो सर्वांत कमी मजुरी मागेल त्याला काम. सुटका झाली ती कोणती, हा प्रश्न येथे मुकाट्याने समोर उभा राहतो. भोवतालच्या गवतात उगवलेली खाण्याजोगी भाजी मात्र एकट्या लाझारोच्या नजरेस पडते. इतरांना ती दिसेनाशी झाली आहे.

एका प्रसंगी ऑर्गनचे सूर ऐकून ही मंडळी चर्चमध्ये शिरतात. धर्मभगिनी त्यांना बाहेर काढतात. तेव्हा वाद्य मुके होते आणि संगीत त्या गरिबांच्या मागोमाग रस्त्यावर चालू लागते. आम्हां ख्रिस्ती प्रेक्षकांना हा प्रसंग बोचतो, आणि तो बोचलाच पाहिजे.

शेवट कठोर आहे. मालकिणीच्या कंगाल मुलाची मालमत्ता परत द्या, असे सांगायला लाझारो बँकेत जातो. त्याच्या खिशातली गोफणी पिस्तूल समजून भेदरलेले लोक त्याला मारत सुटतात. मग तेथून एक लांडगा निघतो आणि मोटारींच्या गर्दीतून, वाहतुकीच्या उलट दिशेने, धावत जातो.