दिवाळी ते महाशिवरात्र : घरातील वाचनाचे दिवस

कार्तिक सरू लागला की पहाटेच्या हवेत गारवा येतो आणि मार्गशीर्षात तर दिवस केव्हा मावळला हेही कळेनासे होते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस पुण्यातील रात्र सुमारे १३ तासांची असते. दिल्लीतील रात्र साडेतेरा तासांहूनही मोठी. दिवेलागणीनंतर बाहेर पडणे नकोसे होते, दारे-खिडक्या लवकर लागतात आणि सारे कुटुंब घरात असते. मात्र घरात असणे आणि एकत्र असणे यांत अंतर आहे. दिवाणखान्यात दूरचित्रवाणी चालू असते, प्रत्येकाच्या हाती आपापला मोबाइल असतो, आणि दृष्टी अधू झालेली आजी किंवा आजोबा शाल पांघरून एका कोपऱ्यात बसलेले असतात. हे अंतर कमी करण्याचे एक साधन आपल्या गावातच, बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर उपलब्ध आहे. ते म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय.

महाराष्ट्राला ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, तर पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे. १९६७ साली राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. अशा एखाद्या ग्रंथालयाने थंडीच्या दिवसांसाठी आपल्या दर्शनी फलकावर काही सूचना लिहायच्या ठरवल्या, तर त्या कोणत्या असाव्यात, याचा विचार येथे केला आहे.

दिवाळी अंकांची वाटणी

पहिली सूचना अर्थातच दिवाळी अंकांची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची प्रथा मराठी घरात रुजली. हे सारे अंक विकत घेणे सर्वसामान्य कुटुंबाला परवडणारे नसते. म्हणूनच अनेक ग्रंथालये दिवाळीनंतर माफक वर्गणीत दिवाळी अंकांची खास योजना चालवतात. या योजनेचा खरा लाभ हवा असेल, तर घरातील प्रत्येकाने आपापल्या आवडीचा अंक निवडावा आणि रविवारी सकाळी चहाच्या वेळी आपण वाचलेली एक गोष्ट इतरांना सांगावी. कथा, कविता, व्यंगचित्रे, राशिभविष्य असे सारे काही अंकात असल्याने, सांगण्याजोगे काही सापडले नाही असे सहसा होत नाही.

एका पुस्तकाचा सप्ताह

दुसरी सूचना आपल्या जुन्या चालीरीतीतूनच आलेली आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दत्तजयंतीच्या निमित्ताने अनेक घरांत गुरुचरित्राचे सप्ताह-पारायण होते. एवढा मोठा ग्रंथ सात दिवसांत वाचून होतो, कारण रोज किती अध्याय वाचायचे हे आधीच ठरलेले असते. हीच रीत एखाद्या कादंबरीला, प्रवासवर्णनाला किंवा आत्मचरित्राला लावून पाहावी. पुस्तकाचे सात किंवा चौदा भाग पाडावेत, रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास राखून ठेवावा आणि एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे.

मोठ्याने वाचण्यातच या सूचनेचे सार आहे. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, ते या बैठकीत पुन्हा सामील होतात. एवढेच नव्हे, तर लवकरच बैठकीचे केंद्र होतात. वाचणारा नातू ‘मोट’, ‘उखळ’, ‘माजघर’, ‘अडकित्ता’ अशा शब्दांशी अडखळतो आणि त्यांचा अर्थ कोपऱ्यातल्या शालीतून येतो. अर्थापाठोपाठ आठवण येते. पुस्तकातली मोट बाजूला राहते आणि आजोबांच्या मळ्यातली मोट चालू होते. ज्या माणसाला आपण केवळ औषधाच्या वेळा विचारत होतो, त्याला आपण गोष्ट विचारू लागतो. पुस्तक सात दिवसांत संपले नाही तरी बिघडत नाही. ग्रंथपाल मुदत वाढवून देतात.

पुस्तकांची पेटी

तिसरी सूचना बडोद्याच्या इतिहासातून घेता येईल. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले आणि संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले. जेथे ग्रंथालय नव्हते, अशा गावी पुस्तके लाकडी पेट्यांत भरून पाठवली जात. ही फिरती ग्रंथालये म्हणजे त्या काळचा मोठा प्रयोग होता. थंडीच्या आरंभी आपल्या घरीही अशी एक पेटी ठेवावी. लाकडी नसली तरी चालेल. घरातील सर्वांच्या सदस्यपत्रांवर मिळून आणलेली पुस्तके तिच्यात ठेवावीत : मुलांसाठी गोष्टी, तरुणांसाठी विज्ञान किंवा प्रवास, गृहिणींना आणि निवृत्तांना रुचेल ते. पुस्तके एके ठिकाणी ठेवल्याने परतीची तारीखही चुकत नाही, आणि आपल्या नसलेल्या आवडीचे पुस्तक सहज हाती येते, हा लाभ वेगळाच.

ताटातून ग्रंथाकडे

हे दिवस हुरड्याचे, उसाचे, बाजरीच्या भाकरीचे आणि जानेवारीच्या मध्यास तिळगुळाचे. ताटातल्या एकेका पदार्थाचा शोध मुलांना ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात घेऊ द्यावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. पुढे या कोशाचे वीस खंड झाले आणि आता तो इंटरनेटवरही विनामूल्य वाचता येतो. तीळ कोठून आला, गूळ कसा होतो, ज्वारीचा हुरडा कोवळ्या दाण्यांचाच का, असे एकच कुतूहल दर रविवारी पुरे. उत्तर मिळाले की ते मुलानेच जेवताना सर्वांना सांगावे.

शेजाऱ्याचे पुस्तक

शेवटची सूचना आपल्या उंबरठ्याबाहेरची आहे. थंडीत दम्याचा किंवा सांधेदुखीचा त्रास वाढल्याने कित्येक ज्येष्ठ वाचकांचे ग्रंथालयात जाणे थांबते. काही ग्रंथालये पुस्तके घरपोच देतात, परंतु सर्वत्र ही सोय नसते. अशा वेळी आपले पुस्तक बदलताना शेजारच्या काकांचेही बदलून आणावे. त्यांना मोठ्या अक्षरातले पुस्तक हवे असल्यास ग्रंथपालांना तसे सांगावे. या कामास पाच-दहा मिनिटे अधिक लागतात. दिवसभर दाराकडे पाहत बसणाऱ्या माणसाला मात्र तेवढ्याने आठवडाभराची सोबत मिळते.

यात ग्रंथालयाचेही हित आहे. पुस्तकांची देवघेव थंडावली की कपाटे बंद राहू लागतात आणि मग वर्गणीदार गळू लागतात. वाचनालय टिकते ते इमारतीमुळे नव्हे, तर परत येणाऱ्या वाचकांमुळे.

आपणा बँकेच्या मंडळींस अनामतीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. ग्रंथालयात भरलेली अनामत सदस्यत्व सोडताना जशीच्या तशी परत मिळते, तीवर व्याज मात्र मिळत नाही, असे कोणी म्हणेल. ते व्याज दर आठवड्यास घरी येत असते, पुस्तकाच्या रूपाने.

महाशिवरात्र झाली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे जुनी माणसे सांगतात. तोवर रात्री मोठ्या आहेत. या आठवड्यात ग्रंथालयाची पायरी चढावी, एक पुस्तक आणावे आणि जेवणे आटोपल्यावर घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या शेजारी बसून त्याचे पहिले पान मोठ्याने वाचावे.